पेट्रोलचा जुना बाग-ट्रॅक्टर डिझेलवर: इंजिन बसलं, पण पहिल्या गिअरमध्ये मागे गेला

कातळावरचा

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात खाडीपासून चार-पाच किलोमीटर आत, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची हापूसची बाग आहे. कलमं जुनी, दहा बाय दहा मीटरवर लावलेली, फांद्या खाली आलेल्या. मोठा ट्रॅक्टर आत घातला की हुडावर फांद्या मोडतात. पॉवर टिलर वापरून पाहिला, पण दोनशे लिटरची फवारणीची टाकी मागे जोडून कातळावरून दिवसभर फिरायचं म्हणजे हात रात्रीपर्यंत थरथरतात.

पाच वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या रिसॉर्टचं सामान विकायला निघालं. त्यात हिरवळ कापायचा एक छोटा ट्रॅक्टर मिळाला. 1970 च्या दशकातली अमेरिकन बनावट, चार चाकं, गिअरबॉक्स ओतीव लोखंडाचा. वर 16 हॉर्सपॉवरचं एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, आडव्या शाफ्टचं. क्लच म्हणजे पट्ट्यावर दाबणारी आयडलर पुली, एवढंच. यंत्र साधं आणि दणकट. बागेत असं फिरतं की घरातलं माणूस वाटावं.

गेल्या मे महिन्यात इंजिनाने मान टाकली. सिलिंडरला उभे ओरखडे, कनेक्टिंग रॉड तुटलेला, क्रँकची, म्हणजे मुख्य शाफ्टची, बेअरिंगची जागा खाल्लेली. सुटे भाग बाहेरून मागवायचे तर किंमत ट्रॅक्टरच्या वर जाते. तसंही ते तासाला तीन लिटरच्या पुढे पेट्रोल पीत होतं. म्हणून डिझेल बसवायचं ठरवलं.

406 सीसीचं, हवेवर थंड होणारं, एका सिलिंडरचं चिनी धाटणीचं इंजिन घेतलं. बाजारात ज्याला 186 एफ म्हणतात तेच. जुनं, पण चालू. कुठल्याशा बांधकामाच्या यंत्रावरून उतरवलेलं. वजन पन्नास किलोच्या आत, म्हणजे जुन्या ओतीव इंजिनापेक्षा जास्त नाही, पुढच्या आसावर भार वाढत नाही. शाफ्ट एक इंची, चावीच्या खाचेचा. जुन्या इंजिनाचा थोडा जाड होता, म्हणून पुलीला बुश घालून घेतला. 5 मिमी अँगलची चौकट वेल्ड केली, इंजिन उजवीकडे शाफ्ट ठेवून बसवलं, जुनाच पट्टा चढवला.

रविवारी सकाळी दोरी मारली. दुसऱ्या खेपेला धरलं. घरातले सगळे अंगणात. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि ट्रॅक्टर मागे गेला. मागे गडग्याची भिंत होती आणि भिंतीजवळ माझा पुतण्या उभा होता. तो उडी मारून बाजूला झाला म्हणून निभावलं. ट्रॅक्टरचा मागचा हिच (ट्रॉली जोडायचा हूक) गडग्यात शिरला, चार चिरे खाली आले. मला अजून झोपताना ते दिसतं.

गिअर तपासले, बरोबर आहेत. रिव्हर्समध्ये टाकला की पुढे जातो. वर वेग असा की पहिल्यात मुंगी बरी. इंजिन पूर्ण रेसवर नेलं तरी तसंच. कुणी असं केलं आहे का? मोहोर यायच्या आत पहिली फवारणी गाठायची आहे.

लेथमास्तर

सगळ्यात आधी, मुलगा वाचला हे महत्त्वाचं. पुढची चाचणी मागची चाकं ठोकळ्यावर उचलून घ्या. चाकं हवेत असताना सगळं कळतं.

आता कारण. ही इंजिनं दोन तऱ्हांची येतात. एकात ताकद सरळ क्रँकवरून बाहेर निघते, ती मिनिटाला 3600 फेऱ्यांची. दुसऱ्यात कॅमशाफ्टचं, म्हणजे झडपा उघडणाऱ्या शाफ्टचं, टोक बाहेर काढलेलं असतं. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे 1800, आणि क्रँकच्या गिअरने फिरत असल्यामुळे उलट दिशेने फिरतो. वरून दोन्ही इंजिनं सख्खी भावंडं दिसतात. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं, उलट जाणं आणि मुंगीचा वेग, एकाच गोष्टीची आहेत.

खात्री करायची तर डिझेल बंद करा, डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरचा दाब सोडायचा) लिव्हर उचला. फ्लायव्हीलवर खडूने एक रेघ मारा, शाफ्टच्या तोंडावर एक. फ्लायव्हील हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. शाफ्टची रेघ एकच फेरी मारून जागेवर आली तर तो कॅमचा शाफ्ट. न फिरवताही समजतं, दोरीच्या स्टार्टरचा मध्य आणि शाफ्टचा मध्य एका रेषेत नसतो.

कातळावरचा

आत्ताच रेघा मारून पाहिलं. दोन फेऱ्यांना एक. आणि स्टार्टरचा मध्य शाफ्टपेक्षा बराच बाजूला आहे. इतके दिवस इंजिन समोर होतं आणि हे दिसलं नाही.

विकणाऱ्याला फोन केला. जुना माल आहे, परत घेणार नाही म्हणाला. पट्टा आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन टाकला तर दिशा बदलेल ना?

टिलरवाला

मी कुडाळला. मत सांगतो, राग मानू नका. एवढा खटाटोप करण्यापेक्षा महाडीबीटीवर, सरकारी योजनांच्या संकेतस्थळावर, अर्ज करा, कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानात नवा पॉवर टिलर बसतो. माझ्याकडे 12 हॉर्सपॉवरचा आहे, पाण्यावर थंड होणारा. चिखलणीला त्याला तोड नाही. आणि कमी फेऱ्यांचं इंजिन हवंच असेल तर विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्कर घ्या. तालुक्यातला कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून खोलतो.

लेथमास्तर

तुमचा पट्टा व्ही, म्हणजे तिरक्या कडांचा, त्याला पीळ देऊ नका. सपाट पट्ट्याला चालतो, पूर्वी गिरण्यांत तसंच असायचं. व्ही पट्टा जिथे एकमेकाला घासतो तिथे दोन दिवसांत कड जळते, आणि तुमचा क्लचच पट्ट्यावर आहे. क्लच सुटायच्या वेळी पट्टा पुलीवरून उतरला तर ब्रेकशिवाय हातात काही राहत नाही.

किर्लोस्करबद्दल. एव्ही-1 हे फार गुणी इंजिन. बोअर 80 मिमी, स्ट्रोक 110, साडेपाचशे सीसी, पाच हॉर्सपॉवर 1500 फेऱ्यांवर. माझी उमेदीची वर्षं त्यांच्यावर गेली. पण ते जमिनीत फाउंडेशन करून बसवायचं इंजिन आहे. दोन माणसांना हलत नाही. या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर ठेवलं तर स्टिअरिंग फिरणार नाही आणि उताराला नाक खाली जाईल.

बाग-ट्रॅक्टरला इंजिन निवडताना हॉर्सपॉवर सगळ्यात शेवटी बघावी. आधी वजन, मग शाफ्टची दिशा, मग फेऱ्या. लोक उलट करतात.

एक हिशेब सगळ्यांनी करून ठेवावा. हॉर्सपॉवरला 716 ने गुणा आणि फेऱ्यांनी भागा, शाफ्टचा पीळ (टॉर्क) किलोग्रॅम-मीटरमध्ये मिळतो. तुमचं जुनं 16 हॉर्सपॉवर 3600 वर, म्हणजे 3.18. हे नवं 9 हॉर्सपॉवर धरू, 1800 वर, म्हणजे 3.58. पीळ जुन्यापेक्षा जास्त आहे. कॅमचा शाफ्ट मिळाला म्हणून हळहळू नका. सड्यावर टाकी ओढायला हाच कामाचा. प्रश्न फक्त दिशेचा आहे.

दिशेला उपाय साधा. इंजिन उचला आणि तोंड फिरवून ठेवा, शाफ्ट डावीकडे. घड्याळाच्या दिशेने फिरणारा शाफ्ट पलीकडून बघितला की उलट फिरतो. मग डावीकडून उजवीकडे एक काउंटर शाफ्ट (मधला जोड-शाफ्ट) टाका, दोन बेअरिंगवर. डाव्या टोकाला इंजिनाचा पट्टा, उजव्या टोकाला तुमचा जुना क्लचचा पट्टा. काउंटर शाफ्टने वेगही हवा तसा लावता येतो.

सड्यावरची

माझी काजूची बाग आहे, देवरुखच्या बाजूला. ट्रॅक्टर मी स्वतः चालवते. लेथमास्तरांनी सांगितलेल्यात एक भर घालते, कारण ती गोष्ट माझ्या जिवावर आली होती.

जुन्या बाग-ट्रॅक्टरना सीटखाली आणि क्लचच्या पेडलला सुरक्षेची बटणं असतात. माणूस सीटवरून उठला की इंजिन बंद. पेट्रोल इंजिनात ती बटणं ठिणगीची वायर जमिनीला जोडतात, ठिणगी मेली की इंजिन मेलं. डिझेलला ठिणगीच नसते. म्हणजे ती बटणं दिसायला जागेवर, पण कामाची नाहीत. मी डिझेल बसवल्यावर एकदा गिअरमध्येच उतरले, फांदी बाजूला करायला. क्लचचं पेडल अडकवलेलं सुटलं आणि ट्रॅक्टर माझ्या अंगावर आला. काजूच्या बुंध्याने तो अडवला.

तेव्हापासून इंजिनाच्या स्टॉप लिव्हरला 12 व्होल्टचा सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाचा खटका) आहे. करंट असेपर्यंत डिझेल चालू, करंट गेला की स्प्रिंग लिव्हर बंदवर ओढते. सीटचं बटण त्या वायरमध्ये घातलं. वायर तुटली तरी इंजिन बंदच पडतं, चालू राहत नाही. हे उलटं जोडू नका. शिवाय हाताला लागेल अशी स्टॉपची केबल वेगळी ठेवा.

होडीवाला

बाबानू, सायलेन्सरचा तोंड खय असा ता आधी बघ. आमच्या होड्यांका एक्झॉस्टचो पाइप आधी वर चढवतत आणि मगे खाली उतरवतत, लाटेचा पाणी इंजिनात जाव नये म्हणान. तुझो ट्रॅक्टर पावसात पागोळीखाली उभो असतलो. वाल (व्हॉल्व्ह) उघडो रवलो असलो तर पाणी सरळ सिलिंडरात. मगे दोरी मारलस की पाणी काय दबना नाय, रॉड वाकता. तोंड आडवा कर नायतर झाकण घाल. आणि ठेवतानाच दोरी हळू ओढून दाबावर नेवन ठेव, दोनय वाल बंद रवतत.

खाऱ्या वाऱ्याचा पण सांगतंय. नट-बोल्टाक रंग लावन काय होना नाय. ग्रीस लाव. इंजिनाच्या फिनीक मात्र रंग नको, ग्रीस पण नको.

कातळावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. सड्यावरची, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला.

टिलरवाले, तुमचं बरोबर आहे, खाचरात टिलरच. आमच्याकडे खाचर एवढंसं, बाकी सगळा कातळ. आणि ट्रॅक्टरवर माझ्या वडिलांनाही बसता येतं, त्यांचे गुडघे गेलेत. टिलरमागे ते चालू शकणार नाहीत, आणि बागेत गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. हे आधीच लिहायला हवं होतं.

लेथमास्तर, इंजिन फिरवलं. आता मापं सांगा. गिअरबॉक्सवरची पुली तशीच ठेवायची आहे. जुन्या इंजिनावर 100 मिमीची पुली होती. क्लचचा पट्टा 5/8 इंची.

लेथमास्तर

5/8 म्हणजे आपला बी सेक्शन, सतरा मिमी रुंद. तो क्लचला राहू द्या.

काउंटर शाफ्ट 25 मिमीचा, ईएन-8 पोलादाचा ब्राइट बार. बेअरिंग यूसीपी-205, कुठेही मिळतात, ग्रीस मारायला निपल असते. पुली शाफ्टच्या टोकाला लांब लोंबती ठेवू नका, बेअरिंगला जितकी चिकटवता येईल तितकी चिकटवा.

इंजिनावर 125 ची पुली, काउंटर शाफ्टच्या डाव्या टोकाला 100 ची, दोन्ही दोन खाचांच्या, बीपेक्षा अरुंद अशा ए सेक्शनचे दोन पट्टे. बी पट्ट्याला एवढी लहान पुली सोसत नाही, वळताना आतून तडे जातात. जुन्या 100 वर तुमचा बी पट्टा चालायचा, पण दर दोन वर्षांनी बदलावा लागत असेल.

1800 ला 125 ने गुणून 100 ने भागलं, काउंटर शाफ्ट 2250 फेऱ्यांवर. उजव्या टोकाला जुनीच 100 ची पुली. पीळ 2.86, म्हणजे पट्ट्यावरची ओढ जुन्याच्या नव्वद टक्के, वेग जुन्याच्या बासष्ट-त्रेसष्ट टक्के. थोडं नुकसान पट्ट्यात जाईल ते वेगळं. जुन्या वेगाने बागेत कुणाला पळायचं आहे? 9 हॉर्सपॉवरमधून जुना वेग आणि जुनी ओढ दोन्ही मिळणार नाहीत. ओढ घ्या, वेग सोडा.

एक काम मात्र टाळू नका. 5 मिमी अँगलवर इंजिन ठेवू नका. जुनं पेट्रोल इंजिन सहा-सातपट दाब घेत असेल, हे एकोणीसपट घेतं. दर ठोक्याला चौकटीला हिसका बसतो.

कातळावरचा

लेथमास्तर, तुमचा निरोप येण्याआधीच मी जुन्याच अँगलवर, तात्पुरता काउंटर शाफ्ट टाकून, दोन तास चालवून पाहिलं, रिकाम्या ट्रॉलीने. दिशा बरोबर आली. पहिल्या गिअरमध्ये पुढे! वडील तुळशीपाशी उभे होते, त्यांनी हात जोडले.

पण तिसऱ्या तासाला डावीकडून टिकटिक यायला लागली. वेल्डच्या अगदी कडेने, जिथे अँगल जळून निळा पडतो तिथून, केसाएवढी चीर गेली होती. नखाला लागत नव्हती. कापड भिजवून डिझेल फिरवलं, पुसलं, खडू घासला. एका मिनिटात खडूवर काळी रेघ उमटली. बोटभर लांब. आणखी तासभर चालवलं असतं तर इंजिन पट्ट्यासकट खाली आलं असतं.

रबरावर बसवू का?

लेथमास्तर

चीर खडूने शोधलीत हे उत्तम केलंत.

फक्त इंजिनाखाली रबर नको. पट्टा इंजिनाला ओढणार, रबर दबणार, पुल्यांची रेघ बिघडणार, पट्टा कडेने खाणार. 10 मिमीची एकच प्लेट घ्या, इंजिन आणि काउंटर शाफ्टची दोन्ही बेअरिंगं त्याच प्लेटवर. म्हणजे हलले तरी दोघं एकत्र हलतील. प्लेट चासिसला सरळ बोल्टने आवळा, जुनं इंजिनही तसंच होतं. वेल्ड शक्य तिथे टाळा, बोल्ट वापरा. नट नायलॉक, म्हणजे हिसक्याने सैल न होणारे. पहिल्या पाच तासांनी सगळे परत आवळायचे, मग पंचवीस तासांनी.

पुल्यांची रेघ बघायला दोन पुल्यांच्या तोंडावर लांब पट्टी किंवा ताणलेला दोरा लावा. चारही कडांना टेकला पाहिजे.

होडीवाला

दोरो खराच. आमी होडयेत शाफ्ट बसवताना पण दोरोच लावतंव.

घाटमाथा

कोल्हापूरहून. उद्यमनगरात प्लेट कापून, भोकं पाडून, पुल्या बसवून एका दिवसात मिळेल. अणुस्कुरा घाटाने या, सकाळी लवकर निघा. मापं कागदावर नको, पुठ्ठ्याचा साचा कापून आणा. इंजिनाच्या पायांची चार भोकं पुठ्ठ्यावर ठसे घेऊन. कागदावरच्या मापात दोन मिमीची चूक होते आणि परत सगळा घाट चढावा लागतो.

आणि एक. ट्रॅक्टर बागेतच ठेवणार ना? रस्त्यावर न्यायचा असेल तर नोंदणी लागते, आणि नोंदलेल्या वाहनाचं इंजिन बदलताना मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 बघावं लागतं, आरटीओची परवानगी लागते.

कातळावरचा

बागेतच. डांबरी रस्त्याला लागत नाही.

पुठ्ठ्याचा साचा ही फार मोलाची सूचना. सिलिंडर हेडच्या खोक्याचाच पुठ्ठा वापरला, पायांना काजळी लावून ठसे उठवले. पहाटे ओणीवरून निघालो, पाचलला चहा, संध्याकाळी प्लेट आणि पुल्या घेऊन परत घरी. चारही बोल्ट हाताने बसले, हातोडी लागली नाही.

सड्यावरची

बोनेटचं काय केलंत? इंजिन फिरवलं म्हणजे पंख्याची हवा ओढायची बाजूही फिरली.

कातळावरचा

बरोबर ओळखलंत. पंख्याची जाळी आता उजव्या पत्र्यापासून चार बोटांवर आली होती. अर्ध्या तासात इंजिन एवढं तापलं की डिझेलच्या टाकीला हात लावता येईना. उजवा पत्रा काढूनच टाकला. पण आमच्याकडे ऑक्टोबरात कातळावरचं गवत वाळून कुसळं उडतात, ती जाळीत जाऊन बसतात. आता जाळीवर मच्छरदाणीच्या तारेची दुसरी जाळी लावली आहे, दर टाकीला हाताने झटकतो. हवेवरच्या इंजिनाला गवत म्हणजे गळफास.

आणखी एक अडचण आली. इंजिन दहा मिनिटं चालून रेस खाली-वर करायला लागलं, मग बंद. डिझेलच्या नळीतली हवा काढली, परत तेच. शेवटी टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बरणीत घेतलं तर खाली पाण्याचा थर, वर पिवळं डिझेल. पावसाळाभर टाकी अर्धी होती. रात्रीच्या दमट हवेचं पाणी आतल्या पत्र्यावर धरलं असणार. टाकी धुतली, खाली पाणी साठायची वाटी असलेला फिल्टर घातला. पुढच्या मेमध्ये टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवीन.

टिलरवाला

माझ्याकडे हेच होतं दर जूनला! मी नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारी तोटी) बदलून बसलो होतो. बरणीत घेऊन कधी बघितलंच नाही.

लेथमास्तर

नोझल आधी कधीच बदलू नये. आधी डिझेल, मग हवा, मग फिल्टर, आणि सगळ्यात शेवटी नोझल. नोझल तपासायचीच असेल तर पंपवाल्याकडे दाबावर बघून घ्या, या इंजिनाला चौरस सेंटीमीटरला दोनशे किलोच्या आसपास उघडली पाहिजे आणि थेंब न गळता धुकं उडालं पाहिजे. उघडी नोझल हातासमोर धरून कुणी तपासू नये. ते धुकं कातडीतून आत जातं, मग शस्त्रक्रियाच करावी लागते.

आणि सगळ्यांसाठी, इंजिन अचानक स्वतःहून रेस घेत सुटलं आणि स्टॉपने ऐकलं नाही, तर ते स्वतःचं ऑइल जाळतंय. बहुतेक वेळा कारण ऑइल खुणेच्या वर भरलेलं असतं. तेव्हा एअर फिल्टरच्या तोंडावर लाकडी फळी दाबायची. हात नाही. अशी एक फळी ट्रॅक्टरला बांधून ठेवा.

कातळावरचा

फळी बांधली. सोलेनॉइडही बसला, सड्यावरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे, करंट गेला की बंद. सीटवरून उठून पाहिलं, दोन सेकंदांत शांत.

आता शेवटचा प्रश्न, आणि तोच मला घाबरवतो. बागेच्या खालच्या अंगाला उतार आहे, घरापासून विहिरीपर्यंत. भरलेली टाकी दोनशे किलो, वर पंप, ट्रॉली. डिझेल इंजिन उताराला गाडी धरून ठेवतं असं सगळे म्हणतात. तेवढ्यावर जाऊ का?

लेथमास्तर

अजिबात नाही. नीट वाचा.

तुमचा क्लच आयडलर पुलीचा. आयडलर पट्ट्याच्या सैल बाजूला दाबते. इंजिन ट्रॅक्टरला ओढतं तेव्हा एक बाजू ताठ, दुसरी सैल, आणि आयडलर सैल बाजूला. उताराला ट्रॅक्टर इंजिनाला ढकलायला लागतो तेव्हा बाजू बदलतात. सैल होती ती ताठ होते आणि आयडलरला उचलून धरते. पट्टा घसरतो. ज्या क्षणी तुम्हाला इंजिनाचा आधार हवा असतो त्याच क्षणी तो सुटतो. वर डिझेलला पेट्रोलसारखा हवेचा दरवाजा बंद होत नाही, त्यामुळे रेस सोडल्यावर जो अडसर पेट्रोलला मिळतो तोही कमी.

ब्रेकचा पट्टा नवा घाला. ट्रॉलीला वेगळा ब्रेक करा, ट्रॉली ढकलते ती ट्रॉलीनेच थांबली पाहिजे. आणि टाकी अर्धी नेऊ नका, अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर एका बाजूला धावतं. भरलेली किंवा रिकामी.

सड्यावरची

किंवा भरलेली टाकी उतारावरून न्यायचीच नाही. पाणी वर आणा. विहिरीवर पंप आहे ना? वर सपाटीला एक टाकी ठेवा, तिथेच भरा. मी तेच केलं.

कातळावरचा

हे कुणालाच सुचलं नव्हतं! पाइप घरापर्यंत आहेच. पुढे चाळीस मीटर टाकला की झालं. ट्रॉलीचा ब्रेक तरीही करतो.

कातळावरचा

तीन आठवड्यांनी लिहितोय. काल पहिली फवारणी झाली.

पंपासाठी काउंटर शाफ्टवर आणखी एक 100 ची पुली चढवली, फवारणीच्या एचटीपी पंपाला 250 ची. 2250 चे बरोबर 900 होतात, माझ्या पंपाच्या पाटीवर तेवढेच लिहिले आहेत. टॅकोमीटरवर 880 आले, पट्टा थोडा घसरत असेल. इंजिन वेगळं लागलं नाही. सकाळी सातला सुरू केलं, पाच तासांत सहा लिटर डिझेल. फांद्यांखालून ट्रॅक्टर आरामात गेला. दर टाकीला जाळी झटकली, बोल्टांना पाना लावून पाहिला. एकच सैल निघाला, काउंटर शाफ्टच्या उजव्या बेअरिंगचा.

दुपारी वडील म्हणाले, मी एक रांग मारतो. पुतण्या बाजूने चालत होता, ट्रॅक्टरच्या मागे नाही, शेजारी, हे त्याला आता सांगावं लागत नाही. वडिलांनी खालच्या बांधापर्यंत रांग पुरी केली, वळवला, परत आणला, आणि उतरताना सीटच्या बटणाने इंजिन आपोआप बंद झालं तेव्हा दचकून मागे बघितलं.

होडीवाला

बरा झाला. सायलेन्सराक झाकण घातलस काय?

कातळावरचा

घातलं. बिजागरीचं, धुराच्या जोराने उघडतं, इंजिन थांबलं की पडतं. आणि ठेवताना दोरी ओढून दाबावर नेऊन ठेवतो.

टिलरवाला

पहिल्या टप्प्याच्या पट्ट्याचा नंबर द्याल का? माझ्या मेव्हण्याकडे असाच एक ट्रॅक्टर पडून आहे, वेंगुर्ल्याला.

कातळावरचा

ए-38, दोन. पण तुमचं इंजिन आणि शाफ्ट किती लांब बसतात त्यावर नंबर बदलेल. आधी पुल्या बसवा, दोरी गुंडाळून लांबी मोजा, मग पट्टा घ्या. आणि दोन्ही पट्टे एकाच वेळी, एकाच बनावटीचे घ्या, नाहीतर एकटाच सगळं ओढतो.

आणि मेव्हण्यांना सांगा, इंजिन घ्यायला जाताना खिशात खडू ठेवा.